ओटीपोटाचा एमआरआय : चिठ्ठीवरचा प्रश्न आणि चुंबकाचे उत्तर

कंबरेच्या हाडांच्या कड्यात मूत्राशय, गुदाशय, स्त्रीच्या बाबतीत गर्भाशय, त्याचे मुख आणि दोन्ही अंडाशय, पुरुषाच्या बाबतीत प्रोस्टेट ग्रंथी आणि वीर्यकोश, शिवाय या सर्वांना धरून ठेवणारे स्नायू, रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि लसिकाग्रंथी इतक्या दाटीने बसलेल्या असतात की एका अवयवाचा आजार शेजारच्या अवयवाच्या भिंतीपर्यंत पोहोचला आहे की नाही, याचा निवाडा अनेकदा दोन-चार मिलिमीटरांवर होतो. सोनोग्राफीला या दाटीत आतड्यांतील वायू आणि हाडे आडवी येतात, तर सीटी स्कॅनमध्ये हाडे आणि गाठी स्पष्ट दिसल्या तरी मऊ ऊतींचे थर एकमेकांपासून पुरेसे वेगळे पडत नाहीत. एमआरआय ही तपासणी हे थर वेगळे करून दाखवते, आणि म्हणूनच गेल्या काही दशकांत ओटीपोटातील अनेक आजारांच्या उपचाराचा निर्णय तिच्या चित्रांवर अवलंबून राहू लागला आहे.

भुसावळ, यावल, रावेर, बोदवड, मुक्ताईनगर या पट्ट्यातील रुग्णाच्या हातात जेव्हा ‘एमआरआय पेल्विस’ एवढ्या दोन शब्दांची चिठ्ठी पडते, तेव्हा रक्तातील साखरेसारखी ही एकच ठरीव तपासणी असून कोणत्याही केंद्रावर ती सारखीच होते, असा समज होणे स्वाभाविक आहे; प्रत्यक्षात मात्र या दोन शब्दांखाली किमान सहा-सात वेगवेगळ्या तपासण्या दडलेल्या असतात. भगंदरासाठी घेतलेली चित्रे प्रोस्टेटच्या शंकेला उपयोगी पडत नाहीत, खुब्याच्या हाडासाठी घेतलेल्या चित्रांवरून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची व्याप्ती ठरवता येत नाही, आणि नेमका प्रश्न न विचारता घेतलेली सर्वसाधारण चित्रे पुष्कळदा कोणत्याच प्रश्नाचे पूर्ण उत्तर देत नाहीत. यंत्र किती शक्तीचे आहे आणि किती नवे आहे याची चौकशी सगळेच करतात. चिठ्ठीवर काय लिहिले आहे आणि रुग्णाने तंत्रज्ञाला काय सांगितले, यावर तपासणीचा निम्मा कस ठरतो, ही गोष्ट मात्र क्वचितच कोणी समजावून सांगतो.

हे असे का होते, ते समजण्यासाठी चित्र कसे तयार होते याची थोडी ओळख आवश्यक आहे. मानवी शरीराचा मोठा भाग पाणी आणि चरबी यांचा बनलेला आहे आणि या दोन्हींत हायड्रोजनचे अणू विपुल असतात. हायड्रोजनच्या अणूचे केंद्रक होकायंत्रातील सूचीप्रमाणे अतिसूक्ष्म चुंबकासारखे वागते, आणि बाहेरून प्रबळ चुंबकीय क्षेत्र लावले की अशा असंख्य केंद्रकांचा कल त्या क्षेत्राच्या दिशेने किंचित झुकतो. चुंबकीय क्षेत्राची तीव्रता टेस्ला या एककात मोजतात. रुग्णालयांत नेहमी आढळणारे १.५ टेस्लाचे यंत्र पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे ३० हजार पट तीव्र असते. या स्थितीत शरीरावर ठरावीक वारंवारितेच्या रेडिओ लहरी सोडल्या, की केंद्रके ती ऊर्जा घेऊन आपली दिशा बदलतात आणि लहरी थांबताच मूळ स्थितीकडे परतताना स्वतः क्षीण संकेत देतात. १.५ टेस्लाच्या यंत्रात ही वारंवारिता जवळजवळ ६४ मेगाहर्ट्झ असते, म्हणजे एफएम आकाशवाणीच्या ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ या पट्ट्यापासून ती फार दूर नाही, आणि बाहेरच्या लहरी आत मिसळू नयेत म्हणून तपासणीची खोली तांब्यासारख्या धातूच्या आवरणाने सर्व बाजूंनी बंदिस्त केलेली असते. या संकेतांपासून चित्र तयार करण्याची पद्धत अमेरिकेतील पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केली, इंग्लंडमधील पीटर मॅन्सफिल्ड यांनी तिला गणिती आणि वेगवान रूप दिले, आणि या कामासाठी दोघांना २००३ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

क्ष-किरण आणि सीटी स्कॅन यांत किरणोत्सर्ग शरीरातून पार होतो. एमआरआयमध्ये तसा कोणताही किरणोत्सर्ग नसतो, आणि तपासणी पुन्हा करावी लागली तरी त्या कारणाने धास्ती बाळगण्याचे कारण नाही. केंद्रकांच्या परतण्याचा वेग ऊतीनुसार बदलतो आणि यंत्राला तो निरनिराळ्या पद्धतींनी मोजता येतो. टी-२ या पद्धतीच्या चित्रात पाणी, सूज आणि पू पांढरे दिसतात, टी-१ मध्ये चरबी आणि साचलेले जुने रक्त उजळ दिसते, तर डिफ्यूजन या पद्धतीत पाण्याचे रेणू किती मोकळेपणाने हलतात हे कळते, आणि पेशींची गर्दी असलेल्या कर्करोगाच्या गाठीत ते अडकून पडत असल्याने तो भाग वेगळा उठून दिसतो. याखेरीज चित्र कोणत्या कोनातून घ्यायचे हेही ठरवावे लागते. गुदाशयाच्या गाठीसाठी छेद त्या गाठीच्या लांबीला काटकोनात, गर्भाशयासाठी त्याच्या पोकळीच्या अक्षाला धरून, तर भगंदरासाठी गुदमार्गाच्या दिशेला धरून घ्यावे लागतात. हे कोन रुग्ण यंत्रात असतानाच ठरतात. रुग्ण घरी गेल्यावर ते बदलता येत नाहीत. चिठ्ठीवर ‘ओटीपोटात दुखते’ एवढेच असेल, तर तंत्रज्ञ सर्वसाधारण चित्रे घेतो, अहवाल लिहिणाऱ्या रेडिओलॉजिस्टला हवा तो छेद मिळत नाही, आणि काही हजार रुपये व एक दिवसाची मजुरी खर्चूनही तपासणी पुन्हा करण्याची वेळ येते.

भगंदराचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. गुदद्वाराजवळ गळू होऊन त्यातून पू वाहू लागतो, ते फुटते, बरे झाल्यासारखे वाटते आणि पुन्हा भरते. आत मात्र गुदमार्गापासून कातडीपर्यंत एक बोगदा तयार झालेला असतो. सुश्रुतसंहितेत या आजाराचे प्रकार आणि उपचार सांगितलेले आहेत आणि क्षारसूत्राची, म्हणजे औषध लावलेला दोरा बोगद्यात ओवण्याची, पद्धत महाराष्ट्रात आजही मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. उपचार कोणताही असो, त्यातील खरी अडचण बोगद्याच्या वाटेची असते, कारण तो शौचावर ताबा ठेवणाऱ्या स्नायूंच्या कड्यातून किती उंचीवर जातो आणि त्याला आत किती फाटे फुटले आहेत, हे बाहेरून कळत नाही. फाटा राहिला तर आजार उलटतो आणि स्नायू जास्त कापला गेला तर शौचावरचा ताबा जातो. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील शल्यचिकित्सकांनी २००२ मध्ये ‘लॅन्सेट’ नियतकालिकात दाखवून दिले की पुन्हा पुन्हा होणाऱ्या भगंदरात एमआरआयच्या मार्गदर्शनाने शस्त्रक्रिया केल्यास आजार उलटण्याचे प्रमाण सुमारे तीन चतुर्थांशाने कमी होते. असे असूनही कित्येक रुग्ण ‘मूळव्याध आहे’ असे सांगून वर्षानुवर्षे मलम लावत राहतात, कारण त्या जागेविषयी घरातही बोलले जात नाही. पू कोणत्या बाजूने येतो, पूर्वी किती वेळा शस्त्रक्रिया झाली, दोरा अजून आत आहे का, ही माहिती तपासणीपूर्वी सांगणे हा येथे उपचाराचाच भाग ठरतो.

स्त्रियांच्या बाबतीत हे मौन आणखी जड असते. पाळीत फार रक्त जाणे, अंगावरून पांढरे जाणे, संबंधानंतर रक्त दिसणे या तक्रारी पुष्कळदा ‘पिशवीला सूज’ या एका वाक्यात गुंडाळल्या जातात, आणि त्या वाक्याचा शेवट कधी कधी गर्भपिशवी काढून टाकण्यात होतो. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला, आणि राज्य शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक महिलांपैकी १३ हजारांहून अधिक महिलांचे गर्भाशय काढलेले आढळले. या प्रश्नाचे मूळ गरिबी, मुकादमाची उचल आणि नफेखोरी यांत आहे आणि कोणतेही यंत्र त्यावर उतारा ठरणार नाही, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. तरीही निदानाच्या पातळीवर एक गोष्ट खरी आहे : गर्भाशयाच्या स्नायूतील साधी गाठ, म्हणजे फायब्रॉइड, आणि गर्भाशयाच्या आतील अस्तर स्नायूत शिरून भिंत जाड होण्याचा आजार, म्हणजे ॲडिनोमायोसिस, हे दोन्ही सोनोग्राफीत कधी कधी सारखेच भासतात, एमआरआयच्या टी-२ चित्रात मात्र अस्तर, त्याभोवतीचा काळसर पट्टा आणि बाहेरचा स्नायू असे तीन थर वेगवेगळे दिसतात आणि हा फरक बहुधा स्पष्ट होतो. गर्भाशय राखून केवळ गाठ काढता येईल का, हे त्यावरून ठरू शकते. प्रत्येक पांढऱ्या पाण्याच्या किंवा पाळीच्या तक्रारीला एमआरआय लागतो असा याचा अर्थ नाही. पहिली तपासणी हाताने आणि सोनोग्राफीनेच व्हायला हवी, आणि तिच्यातून सुटले नाही तेच पुढे न्यायला हवे. मोठी शस्त्रक्रिया सुचवली गेली असेल तर मात्र आपल्या गाठीचा नेमका प्रकार कोणता आणि तो कशावरून ठरवला, हे विचारण्याचा हक्क प्रत्येक स्त्रीला आहे.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगात एमआरआयची जागा नेमकी कुठे आहे याविषयीही गैरसमज आढळतात. हा आजार लवकर शोधण्याचे काम एमआरआयचे नाही. ते काम गर्भाशयमुखातील स्राव तपासणाऱ्या साध्या चाचण्यांचे आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातील १,३१,७४६ ग्रामीण स्त्रियांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने जगाला दाखवून दिले की आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही विषाणूच्या चाचणीनेही या कर्करोगाने होणारे मृत्यू लक्षणीय प्रमाणात कमी होतात. मराठवाड्यातील खेडोपाडीच्या स्त्रियांनी दिलेले हे ज्ञान आज जगभरच्या धोरणांत वापरले जाते, आणि खानदेशातील प्रत्येक तिशीपुढच्या स्त्रीपर्यंत ती चाचणी पोहोचणे हे कोणत्याही नव्या स्कॅन यंत्रापेक्षा मोलाचे ठरेल. एमआरआयचा प्रश्न त्यानंतरचा आहे : तुकडा तपासून कर्करोग सिद्ध झाल्यावर गाठ किती सेंटिमीटरची आहे आणि ती मुखाबाहेरच्या बाजूच्या ऊतींत पसरली आहे का. ती पसरलेली असेल तर साधारणपणे शस्त्रक्रियेऐवजी किरणोपचार आणि केमोथेरपी एकत्र देतात. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात ६३३ रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, आधी केमोथेरपी देऊन मग शस्त्रक्रिया करण्यापेक्षा किरणोपचार आणि केमोथेरपी एकत्र देणे आजार परत न येण्याच्या दृष्टीने सरस ठरले. म्हणजे चित्रातल्या त्या काही मिलिमीटरांवरून स्त्री शस्त्रक्रियागृहात जाणार की किरणोपचार विभागात, हे ठरते.

पुरुषांच्या बाबतीत रक्तातील पीएसए हे प्रोस्टेटमधले प्रथिन वाढलेले असल्यास प्रोस्टेटचा तुकडा घेण्याआधी एमआरआय करण्याची पद्धत गेल्या दशकात रूढ झाली आहे, कारण संशयित जागा आधी दिसली की सुई नेमकी तिथे टोचता येते. तुकडा आधीच घेतला असेल तर आतल्या रक्तस्रावामुळे चित्र फसवे होते आणि सहसा सहा ते आठ आठवडे थांबावे लागते. या तपासणीचा अहवाल १ ते ५ अशा श्रेणीत दिला जातो. १ म्हणजे उपचार करावा लागेल असा कर्करोग असण्याची शक्यता फारच कमी आणि ५ म्हणजे फार जास्त, परंतु ५ ही श्रेणीदेखील शक्यताच सांगते, निदान तुकड्याच्या तपासणीनेच होते.

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या यावल, रावेर, चोपडा या तालुक्यांत, तसेच शिरपूर आणि नंदुरबारच्या डोंगरी भागांत, भिल्ल, पावरा आदी समाजांत सिकलसेलचा आजार आढळतो. या आनुवंशिक आजारात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि मांडीच्या हाडाचा खुब्यातला गोळा हा मोजक्याच रक्तवाहिन्यांवर जगत असल्याने तो आतून मरू लागतो. तरुण माणूस लंगडू लागतो, क्ष-किरण चित्र काढले जाते आणि ते सामान्य आले म्हणून वेदनाशामक गोळ्या देऊन त्याला परत पाठवले जाते. हाच बदल एमआरआयमध्ये क्ष-किरणाच्या कितीतरी आधी दिसतो, आणि गोळा ढासळण्याआधीच्या त्या काळातच तो वाचवण्याचे उपाय करता येतात. दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांत आणि अतिमद्यपान करणाऱ्यांतही हा आजार होतो. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली, तिच्यातून रक्ताच्या तपासण्या होत आहेत. ज्या रुग्णाकडे सिकलसेलचे कार्ड आहे त्याने खुब्याच्या दुखण्याच्या चिठ्ठीवर तो उल्लेख आवर्जून करून घ्यावा, कारण त्या एका शब्दाने चित्र वाचणाऱ्याची नजर योग्य जागी जाते.

आता चुंबकाच्या धोक्याकडे वळले पाहिजे, कारण या तपासणीतील खरा धोका तिथेच आहे. बहुतेक यंत्रांतील चुंबक द्रवरूप हेलियमने उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड ठेवलेल्या तारांचा असतो आणि त्या तारांत वीज विनाविरोध फिरत राहत असल्याने तो रात्री, सुट्टीच्या दिवशी, वीज गेल्यावरही चालूच राहतो. भुसावळच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, तेव्हाही ही थंडी टिकवणारी यंत्रणा अखंड चालवावी लागते. जवळून धावणारी गाडी, उद्वाहक यांसारख्या मोठ्या लोखंडी वस्तूंच्या हालचालीने चुंबकीय क्षेत्र विचलित होत असल्याने अशा यंत्रासाठी जागाही लोहमार्गापासून पुरेशी दूर निवडावी लागते, आणि चहूबाजूंनी रुळांनी वेढलेल्या जंक्शनच्या गावात ही अट सोपी नाही.

‘यंत्र बंद आहे’ हे वाक्य त्यामुळे एमआरआयच्या खोलीविषयी कधीच खरे मानू नये. २७ जानेवारी २०१८ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात रुग्णासोबत आलेला ३२ वर्षांचा नातेवाईक ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन खोलीत गेला, सिलिंडरसह चुंबकाकडे ओढला गेला आणि सिलिंडरमधून सुटलेल्या वायूमुळे मरण पावला; यंत्र बंद असल्याचे त्याला कर्मचाऱ्याने सांगितले होते, असे कुटुंबीयांचे म्हणणे होते. त्याआधी नोव्हेंबर २०१४ मध्ये नवी मुंबईत खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या ॲक्ट्रेक संस्थेत सिलिंडरमुळेच दोन कर्मचारी सुमारे चार तास यंत्राला जखडून राहिले, कारण चुंबक तातडीने निष्प्रभ करण्याची व्यवस्था चालली नाही. या दोन्ही घटनांतील माणसे रुग्ण नव्हती, ही बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे : सोबत आलेल्या माणसांनाही तोच नियम लागू आहे. क्ष-किरण आणि सीटी यंत्रांवर अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियंत्रण असते, परंतु एमआरआयमध्ये किरणोत्सर्ग नसल्याने तो त्या मंडळाच्या कक्षेत येत नाही. त्यामुळे दारावरची शिस्त बरीचशी त्या त्या केंद्राच्या सचोटीवर अवलंबून राहते, आणि ही स्थिती बदलण्याची गरज आहे.

भुसावळसारख्या गावात धातूचा प्रश्न एका विशेष कारणाने महत्त्वाचा ठरतो. विद्युत इंजिनांचे शेड आणि कारखाना, भुसावळ आणि वरणगाव येथील आयुधनिर्माणी, दीपनगरचे औष्णिक वीजकेंद्र, शिवाय गल्लोगल्लीची वेल्डिंगची दुकाने यांमुळे येथे घराघरांत ग्राइंडर, छिन्नी-हातोडा आणि लेथवर काम केलेली माणसे आहेत. डोळ्यात उडालेला लोखंडाचा कण त्या वेळी निघाला असे वाटले तरी त्याचा अंश आत राहू शकतो, आणि प्रबळ चुंबकात तो कण हलला तर डोळ्यातच रक्तस्राव होतो. १९८६ मध्ये पत्र्याच्या कारखान्यातील एका कामगाराची अशी दृष्टी गेल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात झालेली आहे. तपासणी ओटीपोटाची असली तरी संपूर्ण शरीर चुंबकाच्या क्षेत्रात जाते, त्यामुळे डोळ्यात कधीकाळी धातूचा कण गेला असेल, तर निवृत्तीनंतर वीस वर्षांनीही ते सांगितले पाहिजे. डोळ्याच्या साध्या क्ष-किरण चित्राने शंका दूर करता येते. हृदयाचा पेसमेकर, मेंदूतील रक्तवाहिनीला लावलेली जुनी चिमटी, कानातील शस्त्रक्रियेने बसवलेले यंत्र, अंगात राहिलेले छर्रे ही माहितीही दडवू नये. पेसमेकरांचे काही नवे प्रकार ठरावीक अटींवर चालतात, पण त्यासाठी बसवतेवेळी मिळालेले कार्ड हातात असावे लागते. हाडात घट्ट बसवलेली पट्टी किंवा सळई बहुधा धोकादायक नसते, मात्र खुब्यात बदललेला सांधा असेल तर त्याच्या आसपासचे चित्र वेडेवाकडे येते आणि तंत्रज्ञाला पद्धत बदलावी लागते. तांबी बसवलेली असताना तपासणी सामान्यतः करता येते. तरीही ती आहे हे सांगावे, कारण काही परदेशी प्रकारांत पोलाद असते.

अंगावरच्या वस्तूंत ओटीपोटाच्या तपासणीत सर्वांत जास्त अडचण करणारी वस्तू म्हणजे कंबरेचा करदोडा, कारण त्यात चांदीचे मणी, किल्ली किंवा ताईत ओवलेला असतो आणि तो नेमका चित्राच्या मध्यभागी येतो. मंगळसूत्र, जोडवी, पाटल्या, नथ, केसांतल्या पिना, सेफ्टी पिना, हुकाचे कपडे हे सर्व बाहेर ठेवावे लागते. सोने-चांदी चुंबकाकडे ओढले जात नसले तरी रेडिओ लहरींमुळे ते तापू शकते आणि चित्र बिघडवते. जोडवी निघतच नसतील तर ते आधी सांगावे. ही उतरवणूक पुष्कळ स्त्रियांना अशुभ वाटते, आणि तंत्रज्ञाने ती घाईत न करता समजावून करून घेतली, उतरवलेले सौभाग्यलेणे घरच्या बाईमाणसाच्या हाती दिले, तर अर्धा संकोच तिथेच संपतो. धातूविषयीचा प्रश्नांचा छापील तक्ता इंग्रजीत असतो आणि त्यावर घाईने सही किंवा अंगठा घेतला जातो, तेव्हा तो कागद रुग्णाचे नव्हे तर केंद्राचे रक्षण करतो. तो मराठीत असावा, आणि अहिराणी, तावडी किंवा पावरी बोलणाऱ्या माणसाला एकेक प्रश्न त्याच्या बोलीत विचारला जावा, ही मागणी अवास्तव म्हणता येणार नाही.

तपासणीच्या दिवशी सहसा चार ते सहा तास उपाशी राहण्यास सांगतात, कारण आतड्यांची हालचाल चित्र पुसट करते. ती थांबवण्यासाठी काही ठिकाणी ब्यूटाइलस्कोपोलामाइनचे इंजेक्शनही देतात, आणि काचबिंदू, हृदयाच्या ठोक्यांचा आजार किंवा लघवी अडण्याचा त्रास असल्यास ते आधी सांगणे आवश्यक असते. मूत्राशय साधारण अर्धे भरलेले हवे. तुडुंब भरले तर रुग्णाला स्थिर राहता येत नाही. योनीमार्गात किंवा गुदाशयात थोडी जेली भरण्याची गरज काही आजारांत भासते, आणि ते आधी सांगून, संमती घेऊन, स्त्री रुग्णासाठी स्त्री कर्मचाऱ्यानेच करावे. रुग्णाला नकार देता येतो. शिरेतून गॅडोलिनियम या धातूच्या संयुगाचे औषध कधी देतात. गाठींच्या तपासणीत ते उपयोगी असते, भगंदराच्या पुष्कळ तपासण्या त्याविना होतात. मूत्रपिंड फार निकामी झालेल्यांत या औषधाच्या जुन्या प्रकारांमुळे कातडी आणि सांधे कडक होण्याचा गंभीर आजार होत असल्याचे २००६ मध्ये लक्षात आले, आणि तेव्हापासून मधुमेही व मूत्रपिंडाच्या रुग्णांत मूत्रपिंडाचे काम दाखवणारे रक्तातील क्रिएटिनिन पाहण्याची रीत पडली. हल्ली वापरात असलेल्या बंदिस्त वलयरचनेच्या औषधांत हा धोका फारच कमी आहे. गरोदरपणात हे औषध टाळतात, मात्र औषधाविना एमआरआय आवश्यक असेल तेव्हा करतात, विशेषतः आधीच्या सिझेरियनच्या व्रणात वार रुतून बसल्याची शंका असताना. अशा वेळी गर्भाचे लिंग विचारणे आणि सांगणे हे दोन्ही १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे.

आत साधारण अर्धा ते पाऊण तास निश्चल पडून राहावे लागते. ठोकल्यासारखे, करवतीसारखे मोठे आवाज येतात, ते चुंबकीय क्षेत्र बदलणाऱ्या वेटोळ्यांच्या कंपनाचे असतात आणि त्यांसाठी कानात बोळे किंवा हेडफोन देतात. ते मागून घ्यावेत. ओटीपोटावर एक जाड गादीसारखे उपकरण ठेवतात, ते संकेत पकडण्यासाठी असते. हातात दिलेला रबरी फुगा दाबला की तंत्रज्ञ लगेच बोलतो. अंग गरम झाल्यासारखे वाटणे सामान्य असते, परंतु एखाद्या ठिकाणी चटका बसू लागला तर गप्प राहू नये.

अहवाल हाती आल्यावर घरोघरी सर्वप्रथम त्याचा शेवटचा परिच्छेद मोठ्याने वाचला जातो, आणि त्यातील प्रत्येक शब्द आजार समजला जातो. अंडाशयातील लहान बीजकोश, गर्भाशयमुखावरचे बारीक पाण्याचे फोड, मणक्याच्या टोकाजवळची छोटी पुटी यांची नोंद रेडिओलॉजिस्ट कर्तव्य म्हणून करतो. त्यांतील बहुतेकांना उपचार लागत नाहीत. तक्रारींशी ताडून पाहावे अशी सूचना अहवालाच्या शेवटी असते, तिचा अर्थ चित्राने आपले सांगून झाले असून आता रुग्णाला हात लावून पाहणाऱ्या डॉक्टरने निर्णय घ्यावा असा असतो, आणि म्हणून केवळ कागद नातेवाइकाच्या हाती पाठवून सल्ला मागणे पुरेसे ठरत नाही.

खर्चाच्या बाबतीत एक व्यावहारिक सूचना आवश्यक आहे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेचा आधार मुख्यतः दाखल रुग्णाच्या ठरावीक उपचारांना मिळतो, बाहेरून सुटा एमआरआय करून मग पावती पुढे केली तर ती बहुधा मंजूर होत नाही; त्यामुळे शस्त्रक्रिया ठरण्याची शक्यता असल्यास आधी योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राशी बोलून घ्यावे. रेल्वे कर्मचारी आणि निवृत्तांनी विभागीय रेल्वे रुग्णालयाचे शिफारसपत्र तपासणीच्या आधी घ्यावे.

भुसावळहून जळगाव पंचवीसेक किलोमीटरवर आहे, परंतु कर्करोगाचे निदान झालेली बरीच कुटुंबे पुढे मुंबईची गाडी धरतात, आणि तिथे पोहोचल्यावर फिल्मचा मोठा लिफाफा पुरेसा नाही असे कळते. फिल्मवर निवडक चित्रे असतात. दुसऱ्या तज्ज्ञाला शेकडो छेदांचा मूळ संच संगणकावर पाहावा लागतो, आणि तो सीडी किंवा पेन ड्राइव्हवर डायकॉम या स्वरूपात केंद्राकडून त्याच दिवशी मागून घेतला, घरच्या संगणकावर उघडून पाहिला आणि जुन्या तपासण्यांच्या प्रतींसह बांधून ठेवला, तर मुंबईत तीच तपासणी पुन्हा करण्याची वेळ पुष्कळदा टळते. कर्करुग्णाला उपचारासाठीच्या प्रवासात रेल्वे स्लीपर आणि तृतीय वातानुकूलित वर्गात पूर्ण भाडे माफ करते. त्यासाठीचा नमुना उपचार करणाऱ्या रुग्णालयाकडून भरून, सही-शिक्क्यासह तिकीट काढताना द्यावा लागतो.